फायली दाखवायच्या, डिस्क नाही

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या कर्ज विभागासाठी मी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये छोटा डेटाबेस करून दिला. कर्जदार, रक्कम, हप्ते, जामीनदार, एवढाच पसारा. कागद स्कॅन करून सर्व्हरवर ठेवायचे आणि लागतील तेव्हा उघडायचे असं ठरलं. त्यासाठी फॉर्मवर ‘फोल्डर उघडा’ असं एक बटण टाकलं. ते दाबलं की विंडोजचं एक्सप्लोरर उघडायचं. माझ्या लेखी काम संपलं होतं.

महिन्याभरात फोन आला. “सर, ‘ब’ची सगळी खाती गेली.” खाती कुठेच गेली नव्हती. विभागातल्या काकूंचा हात माऊसवर जरा जड पडला होता आणि ‘ब’ नावाचा अख्खा फोल्डर शेजारच्या ‘अ’मध्ये जाऊन बसला होता. एकाच ड्राइव्हवर ओढून सोडलेली वस्तू एक्सप्लोरर न विचारता हलवतं. काकूंना ‘काय केलंत?’ असं विचारण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांनी काही केल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. चूक बटण देणाऱ्याची, म्हणजे माझी होती.

त्यानंतर फायलींची यादी मी डेटाबेसच्या फॉर्मवरच दाखवू लागलो. ऐकायला हे अर्ध्या तासाचं काम वाटतं. त्यात काय काय निघतं ते पुढे सांगतो. उदाहरणं ॲक्सेसची आणि त्यातल्या व्हीबीए भाषेची आहेत, पण बऱ्याच अडचणी दुसऱ्या साधनातही अशाच भेटतील.

नवखा माणूस फाइल शोधत नसतो

काकूंना कधीच ‘फाइल’ नको असते. समोर कर्जदार उभा असतो, साहेब आतून ‘याचा सातबारा बघा जरा’ म्हणतात, आणि काकूंना हवा असतो या माणसाचा सातबारा. ड्राइव्ह, फोल्डर, उपफोल्डर, एक्स्टेन्शन ही सगळी उतरंड त्यांच्या कामाची नाही. ती आपली आहे.

डेटाबेसला मात्र कर्जदार कोण ते आधीच माहीत असतं, कारण त्याचीच नोंद पडद्यावर उघडी असते. मग काकूंना पुन्हा तोच माणूस डिस्कवर शोधायला का लावायचं? यादी नोंदीच्या मागे चालली पाहिजे. नोंद बदलली की यादी बदलेल, आणि यादीत फक्त त्याच खात्याचे कागद असतील. वर जायची वाट नको, शेजारच्या फोल्डरची नको, नाव बदलायची सोय तर नकोच.

ॲक्सेसमध्ये फाइल निवडायचा तयार डायलॉग मिळतो, तो का नाही वापरायचा, असं कुणी विचारेल. त्या डायलॉगमध्ये उजवं बटण दाबलं की फाइल पुसताही येते आणि तिचं नावही बदलता येतं. एक्सप्लोररच तो, फक्त छोट्या खिडकीतला.

जुन्यांनी हे आधी केलं होतं

१९८४ च्या डीबेस थ्रीमध्ये टिंबासमोर ‘डिर’ अशी आज्ञा दिली की डिस्कवरच्या सगळ्या फायली येत नसत. फक्त डेटाबेसच्या फायली येत आणि प्रत्येकीपुढे किती नोंदी आहेत, शेवटचा बदल कधी झाला आणि आकार किती, हे लिहिलेलं असे. डॉसच्या डिरला नोंदींची संख्या कुठून कळणार? ती डीबेसलाच कळते. ज्याला जे माहीत त्याने ते यादीत घालावं, हा शहाणपणा तेव्हाच दिसला होता. बाकी फायली हव्याच असतील तर तसं मुद्दाम सांगावं लागे.

पुढे फॉक्सप्रोमध्ये ‘एडिर’ नावाचं फंक्शन होतं. ते फोल्डर वाचून नाव, आकार, तारीख, वेळ आणि गुणधर्म असे पाच रकाने ॲरेत भरून द्यायचं. ॲक्सेसमध्ये इतकं सरळ काही नाही, तिथे विटा एकेक करून रचाव्या लागतात.

फाइल आत की बाहेर

हा प्रश्न थोडक्यात संपतो. ॲक्सेसच्या एका डेटाबेसची मर्यादा २ जीबी आहे. स्कॅन केलेलं पान १ एमबीचं धरलं तर दोन हजार पानांत ती संपते. पतसंस्थेच्या एका शाखेत तेवढी पानं एका हंगामात जमतात. २००७ पासून अटॅचमेंट नावाचा रकाना आला, त्याआधी ओएलई होता. ओएलई तर मूळ फायलीसोबत तिचं चित्रही साठवून आकार फुगवायचा. दोन्हीत फाइल डेटाबेसच्या पोटात जाते आणि डेटाबेस जड होतो. पाच-सहा छोटी चित्रं असतील तर अटॅचमेंट ठीक. कागदपत्रं असतील तर ती डिस्कवर ठेवायची आणि डेटाबेसने त्यांच्याकडे बोट दाखवायचं.

फोल्डरला नाव कुणाचं

‘अ’, ‘ब’, ‘क’ आणि त्यात माणसाच्या नावाचा फोल्डर, ही माझी पहिली रचना. एका गावात एकाच नावाचे चार कर्जदार निघाले तेव्हा ती कोसळली. लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या कर्जदार बायकांनी उरलंसुरलं मोडलं. नाव ही माणसाची ओळख असली तरी फोल्डरची असू नये.

मग कर्ज क्रमांक घ्यावा म्हटलं, तर तो ‘क/१४२/२०१९’ असा. आपल्या कार्यालयांत तिरप्या रेघेशिवाय क्रमांकच नसतो आणि विंडोजला फायलीच्या किंवा फोल्डरच्या नावात तिरपी रेघ चालत नाही. अपूर्णविराम, ताराचिन्ह, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, उभी रेघ आणि दोन्ही कोनी कंसही चालत नाहीत. शेवटी तक्त्यातला आपोआप पडणारा क्रमांकच घेतला आणि पुढे शून्यं लावून तो सहा आकडी केला: ०००१४२. काकूंना हा आकडा कधीच दिसत नाही. दिसायची गरजही नाही.

वाट लिहून ठेवतानाही एक पथ्य आहे. सर्व्हरचा फोल्डर एका यंत्रावर ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून जोडलेला असतो, दुसऱ्यावर ‘एक्स’. प्रत्येक नोंदीत ‘झेड’पासूनची पूर्ण वाट लिहिली तर शेजारच्या टेबलावर यादी रिकामी येते. म्हणून मूळ वाट एकाच जागी, सेटिंगच्या तक्त्यात ठेवावी, तीही ड्राइव्हच्या अक्षराने न लिहिता सर्व्हरच्या नावाने. सर्व्हर बदलला की एकच ओळ बदलते.

‘डिर’ची तऱ्हा

व्हीबीएमध्ये फोल्डर वाचायचं सगळ्यात जुनं हत्यार म्हणजे डिर हे फंक्शन. पहिल्यांदा वाट आणि नमुना देऊन हाक मारली की ते पहिल्या फायलीचं नाव देतं. मग काहीही न देता पुन्हा हाक मारायची, की पुढचं नाव. नावं संपली की रिकामी अक्षरमाला. संपल्यावरही हाक मारत राहिलात तर चूक क्रमांक ५. म्हणजे एक वळसा, त्याच्या टोकाला एक तपासणी. सहा ओळींत काम होतं.

या सहा ओळींत तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा सगळ्यांच्या पायाखाली येतो. डिर एका वेळी एकच शोध लक्षात ठेवतं. वळसा चालू असताना आतून तुम्ही दुसरं फंक्शन बोलावलंत आणि त्या फंक्शनने एखादी फाइल आहे की नाही हे बघायला डिरच वापरलं, तर बाहेरचा शोध विसरला जातो. पुढची हाक दुसऱ्याच शोधाची होते. यादी कधी दोन फायलींवर थांबते, कधी चूक क्रमांक ५ येते, आणि कोड वाचून काहीच सापडत नाही, कारण दोन्ही फंक्शनं स्वतंत्रपणे बरोबर असतात. यात माझी एक संध्याकाळ गेली आहे. उपाय साधा आहे. आधी सगळी नावं गोळा करून घ्यायची आणि शोध संपल्यावरच त्यांच्यावर काय ते करायचं.

दुसरा खड्डा नमुन्याचा. ‘*.डॉक’ मागितलं तर ‘डॉकएक्स’ही येतात. विंडोज लांब नावाबरोबर जुन्या डॉसच्या पद्धतीचं आठ-अधिक-तीन अक्षरांचं आखूड नावही ठेवू शकतं. डॉकएक्स फायलीच्या आखूड नावाचं शेपूट तीन अक्षरांत कापलं जाऊन ‘डॉक’च उरतं. ज्या ड्राइव्हवर अशी आखूड नावं तयार होतात तिथे नमुना दोन्हींशी जुळतो. एका यंत्रावर जुळतो, दुसऱ्यावर नाही, म्हणून हा दोष पकडायला आणखी त्रास होतो. एक्स्टेन्शन नेमकं हवं असेल तर नाव हाती आल्यावर त्याचं शेपूट स्वतः तपासावं.

तिसरा खड्डा क्रमाचा. डिर नावं अमुक क्रमाने देईलच अशी हमी नाही. सर्व्हरवर ती वर्णक्रमाने येतात म्हणून गाफील राहावं, तर पेन ड्राइव्हवर भलत्याच क्रमाने येतात. शिवाय एक्सप्लोरर १, २, १० असा आकड्यांचा क्रम लावतं आणि साधी वर्णक्रमाची मांडणी १, १०, २ अशी करते. आधी एक्सप्लोरर पाहिलेला माणूस लगेच म्हणतो, “दुसरं पान कुठं गेलं?” आकडे दोन घरांचे लिहिले, ०१, ०२, १०, की दोन्हीकडे सारखं दिसतं.

मराठी नावं आणि प्रश्नचिन्हं

मराठी कार्यालयात डिर खरं अडतं ते इथे, आणि इंग्रजी पुस्तकं याबद्दल फारसं बोलत नाहीत.

व्हीबीएचं डिर युनिकोडच्या आधीच्या काळातलं. ते नाव देताना विंडोजच्या जुन्या कोडपेजमधून गाळून देतं. देवनागरीला विंडोजमध्ये असं जुनं कोडपेज कधी नव्हतंच. ती थेट युनिकोडमध्येच आली. त्यामुळे देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह त्या गाळणीत अडकतं आणि त्याच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. ‘सातबारा’ या नावाच्या फायलीचं यादीत ‘???????’ होतं. आपण म्हणू अक्षरं चार, मग प्रश्नचिन्हं सात का? युनिकोडच्या हिशेबात काना वेगळा मोजला जातो: स, काना, त, ब, काना, र, काना. सात.

नुसतं वाईट दिसलं असतं तर चाललं असतं. पण त्या नावाने फाइल उघडायला गेलात तर ती सापडत नाही, कारण तशा नावाची फाइलच नाही. त्याहून वाईट म्हणजे डिरच्या नमुन्यात प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘कुठलंही एक अक्षर’ असा आहे. मग ‘ही फाइल आहे का?’ असं या प्रश्नचिन्हांच्या नावाने विचारलं, तर त्याच फोल्डरमधली तेवढ्याच लांबीच्या नावाची दुसरी कुठलीही फाइल पाहून डिर ‘आहे’ म्हणून मोकळं होतं. खोटी साक्ष.

गंमत अशी की श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली नावं डिरमधून सुखरूप येतात, कारण ती मुळात रोमन चिन्हंच असतात. एक्सप्लोररमध्ये ती अगम्य दिसतात, पण ॲक्सेसच्या लिस्टबॉक्सला तोच जुना फाँट लावला की मराठी वाचता येते. जुनी दप्तरं अजून अशाच नावांनी भरलेली असतात, तेव्हा ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. नव्या कामात ती वापरू नये.

युनिकोड नावांसाठी वाट आहे फाइलसिस्टमऑब्जेक्टची. विंडोजबरोबर येणाऱ्या स्क्रिप्टिंग लायब्ररीतली ही वस्तू फोल्डरमधल्या फायलींचा संचच हाती देते. प्रत्येक फायलीचं नाव, आकार, बदलाची तारीख तिच्याकडूनच विचारून घ्यायची. नावं देवनागरीत जशीच्या तशी येतात आणि ॲक्सेसचा लिस्टबॉक्स ती नीट दाखवतो. हिच्यातही काटे आहेत. संचातली ‘पाचवी फाइल दे’ असं क्रमांकाने मागता येत नाही, सगळ्या एकामागून एक घ्याव्या लागतात. नमुनाही देता येत नाही, गाळणी आपणच लावायची. आणि हजारो फायली असलेल्या सर्व्हरच्या फोल्डरवर ती डिरपेक्षा हळू चालते. एका खात्याच्या दहा-वीस कागदांसाठी तो फरक जाणवत नाही.

पडताळा घेतानाही फसगत होते. नाव बरोबर आलं का हे बघायला आपण ते निरोपाच्या चौकटीत, म्हणजे मेसेज बॉक्समध्ये, दाखवतो, आणि तीच चौकट प्रश्नचिन्हं दाखवते. नाव बरोबर असतं, दाखवणारी खिडकी जुनी असते. म्हणून मराठी नावाचा पडताळा फॉर्मवरच्या टेक्स्टबॉक्समध्येच घ्यावा.

लिस्टबॉक्स भरायचा कसा

तीन रीती आहेत. सगळ्यात सोपी म्हणजे मूल्यांची यादी: अर्धविरामाने तोडलेली एक लांब ओळ लिस्टबॉक्सला द्यायची. ॲक्सेस २००२ पासून त्यासाठी ‘ॲडआयटम’ आहे. या ओळीची कमाल लांबी ३२,७५० अक्षरं आहे. त्याआधी ती २,०४८ च होती. लपवलेली पूर्ण वाट, नाव, तारीख आणि आकार मिळून एका फायलीला साधारण १४५ अक्षरं लागली तर सव्वादोनशे फायलींत जागा संपते. खात्यातल्या कागदांना ती पुरते.

पण नावातच अर्धविराम किंवा स्वल्पविराम आला तर? ‘जाधव, जामीनदार’ अशा नावाची फाइल आली की ‘जामीनदार’ शब्द तारखेच्या रकान्यात जातो, तारीख आकाराच्या रकान्यात, आणि पुढची सगळी यादी एकेक घर सरकते. उपाय असा की प्रत्येक मूल्य दुहेरी अवतरणात घालायचं. दुहेरी अवतरण फायलीच्या नावात येऊच शकत नाही, हे वर आलंच आहे. विंडोजची मनाई इथे आपल्या कामी येते.

दुसरी रीत जुनी आणि चतुर आहे. लिस्टबॉक्सला थेट तुमचं फंक्शन द्यायचं आणि ॲक्सेस त्या फंक्शनला ‘किती ओळी?’, ‘किती रकाने?’, ‘तिसऱ्या ओळीत दुसऱ्या रकान्यात काय?’ असं विचारत राहतं. ॲक्सेसच्या मदतपुस्तिकेतच याचं एक उदाहरण होतं: चालू फोल्डरमधल्या डेटाबेस फायलींची यादी, नावं ठेवायला १२८ जागांचा ॲरे आणि आत आपलं तेच डिर. त्या उदाहरणावर अनेकांनी हात बसवला. आज नव्याने शिकणाऱ्याला मी ही रीत सांगणार नाही. मधे कुठे चूक झाली तर लिस्टबॉक्स काही न बोलता कोरा राहतो.

तिसरी रीत म्हणजे आपल्या यंत्रावरच्या एका तात्पुरत्या तक्त्यात नावं भरायची आणि लिस्टबॉक्सला त्यावरची क्वेरी द्यायची. तक्ता दरवेळी रिकामा करून भरल्याने डेटाबेस हळूहळू फुगतो, मधूनमधून तो कॉम्पॅक्ट करावा लागतो. तरी मी हीच रीत धरली. त्याचं कारण शेवटी येईल. फक्त नावं तक्त्यात घालताना एकेरी अवतरणाकडे लक्ष ठेवा. ‘फादर्स नेम’ असं इंग्रजीत नाव दिलेल्या फायलीतलं एकेरी अवतरण एसक्यूएलचं वाक्य मधेच तोडतं. वाक्य जुळवण्यापेक्षा रेकॉर्डसेट उघडून ओळ जोडली तर ही कटकटच राहत नाही.

काय दाखवायचं, काय झाकायचं

पूर्ण वाट पहिल्या रकान्यात ठेवून त्याची रुंदी शून्य करायची. कोडला ती लागते, काकूंना नाही.

तारीख दाखवायची तर बदलाची, तयार झाल्याची नव्हे. फाइल एका जागेवरून दुसरीकडे कॉपी केली की विंडोज तयार झाल्याची तारीख आजची लावतं आणि बदलाची जुनीच ठेवतं. सर्व्हर बदलला त्या दिवशी सगळ्या कागदांचा जन्म त्याच दिवशी झाल्यासारखा दिसला होता.

आकार बाइटमध्ये दाखवू नये. ३,४८,२११ या आकड्यातून कुणाला काय कळणार? ३४० केबी पुरे. खरं तर नवख्याला आकाराचा एकच उपयोग: स्कॅन बिघडून शून्य बाइटची फाइल पडली असेल तर ती ओळखणं. म्हणून मी आकाराचा रकानाच काढला आणि शून्य बाइटच्या फायलीपुढे ‘बिघडलेली’ असं लिहिलं. काकूंनी आकाराची आठवणही काढली नाही.

डिस्कवर आपण न ठेवलेल्या फायलीही असतात: चित्रांच्या फोल्डरमधली थंब्स डॉट डीबी, फोल्डरची सजावट सांभाळणारी डेस्कटॉप डॉट आयएनआय, वर्ड उघडं असताना तयार होणारी नागमोडी रेघ आणि डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी फाइल. या गाळल्याच पाहिजेत. नाहीतर नवखा माणूस त्यांच्यावरच टिचकी मारतो.

रिकामी यादी काय सांगते

हा भाग मी उशिरा शिकलो. एकदा काकूंनी दुपारभर बसून चाळीस कागद पुन्हा स्कॅन केले, कारण यादी रिकामी होती. कागद जागेवर होते, सर्व्हरची वायर तेवढी निघाली होती.

रिकाम्या यादीचे तीन अर्थ होतात. फोल्डर आहे पण त्यात काही नाही. फोल्डर अजून तयारच झालेला नाही. किंवा सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही. डिर पहिल्या दोन्हींत एकच रिकामी अक्षरमाला देतं. तिसऱ्यात बहुधा चूक क्रमांक ५२ येते, आणि तिचा मजकूर ‘फायलीचं नाव किंवा क्रमांक चुकीचा’ अशा अर्थाचा असतो. नाव बरोबर असतं, सर्व्हर बंद असतो. हा निरोप जसाच्या तसा पडद्यावर आला तर माणूस नाव सुधारायला धावेल. घाईघाईने चूक गिळणारी ओळ टाकली तर काकूंची दुपार जाईल. माझ्या कोडात तीच ओळ होती.

आता यादी भरण्याआधी मूळ फोल्डर दिसतो का हे पाहतो, मग खात्याचा फोल्डर आहे का, आणि मग फायली. यादीच्या वर एक ओळ कायम असते. ‘या खात्याचे ६ कागद आहेत.’ ‘या खात्याचा एकही कागद अजून ठेवलेला नाही.’ तिसरी लाल अक्षरांत: ‘सर्व्हर मिळत नाही. कागद सुरक्षित आहेत. काही स्कॅन करू नका.’ यातलं ‘कागद सुरक्षित आहेत’ हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या मी खात्रीने म्हणू शकत नाही. तरीही ठेवलं आहे.

एक बारीक गोष्ट. फॉर्मवर नोंद बदलली की लगेच यादी भरली, तर बाणाचं बटण दाबून वीस नोंदी पुढे जाणाऱ्याला वीस वेळा सर्व्हरची वाट पाहावी लागते. यादी वेगळ्या टॅबवर ठेवून तो टॅब उघडल्यावरच भरली की हा खोळंबा जातो.

उघडणं आणि पुसणं

ओळीवर दोनदा टिचकी मारली की फाइल उघडावी, हे नवख्यालाही सवयीचं असतं. ॲक्सेसमध्ये ‘फॉलोहायपरलिंक’ने ते होतं, पण कधीकधी ते सुरक्षेची सूचना दाखवतं आणि माणूस घाबरून ‘नको’ म्हणतो. नावात हॅशचं चिन्ह, म्हणजे ‘गाळा #१२’ असं काही असेल तर ते फसतं, कारण हायपरलिंकमध्ये हॅशनंतरचा भाग फायलीच्या आतला पत्ता मानला जातो. विंडोजचं ‘शेलएक्झिक्यूट’ वापरलं की दोन्ही अडचणी टळतात. तेही युनिकोड नावाचं रूप घ्यावं, नाहीतर प्रश्नचिन्हं परत येतात.

पुसायचं बटण देऊच नये. व्हीबीएची ‘किल’ आज्ञा फाइल कचरापेटीत टाकत नाही, कायमची उडवते. चुकीचा कागद काढायचा असेलच तर तो ‘काढलेले’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवावा आणि कुणी, कधी काढला ते तक्त्यात लिहावं.

नसलेल्या कागदांची यादी

हे सगळं झाल्यावर एक दिवस काकू म्हणाल्या, “आहेत ते दिसतात हो सर, पण काय राहिलंय ते कुठं दिसतं?”

तोवर मी एक्सप्लोररचीच सुधारलेली नक्कल करत होतो, हे तेव्हा कळलं. डिस्क फक्त आहे ते सांगते. काय असायला हवं होतं हे तिला कसं ठाऊक असणार? ते डेटाबेसला ठाऊक असतं. कर्जाचा प्रकार नोंदीत आहे, आणि प्रत्येक प्रकाराला कोणते कागद लागतात हे ठरलेलं आहे. पीककर्जाला मागणी अर्ज, सातबारा, आठ-अ, आधार, पॅन, जामीनदाराचं संमतीपत्र, पासबुकाची प्रत.

म्हणून कागदांच्या प्रकारांचा छोटा तक्ता केला आणि प्रत्येक प्रकाराला दोन आकडी क्रमांक दिला. फाइलचं नाव आता माणूस देत नाही, डेटाबेस देतो: ०२-१ म्हणजे सातबाऱ्याचं पहिलं पान. मराठी नाव तक्त्यात राहतं, डिस्कवर फक्त आकडे जातात. त्यामुळे नव्या फायलींपुरता प्रश्नचिन्हांचा प्रश्नच मिटला. मग लागणाऱ्या कागदांचा तक्ता डावीकडे आणि डिस्कवरून वाचलेल्या नावांचा तात्पुरता तक्ता उजवीकडे घेऊन लेफ्ट जॉइन लावला. उजवी बाजू कोरी आली की पुढे ‘नाही’. तिसऱ्या रीतीचा आग्रह यासाठीच होता. अर्धविरामाने तोडलेल्या ओळीला जॉइन लावता येत नाही.

स्कॅनर आपल्या फायली तारीख-वेळेच्या नावाने एका ‘आवक’ फोल्डरमध्ये टाकतो. फॉर्मवर डावीकडे त्या आवकेची यादी आणि उजवीकडे या खात्याला लागणारे कागद. काकू डावीकडे एक ओळ निवडतात, उजवीकडे ‘सातबारा’ निवडतात आणि ‘जोडा’ दाबतात. व्हीबीएची ‘नेम’ आज्ञा फायलीला नवं नाव देऊन खात्याच्या फोल्डरमध्ये हलवते. ती फाइल दुसऱ्या खिडकीत उघडी असेल तर हलत नाही. तेव्हा ‘आधी तो कागद बंद करा’ एवढाच निरोप येतो. जुन्या, मराठी नावांच्या फायली ‘इतर’ या मथळ्याखाली दिसतात, आणि वेळ मिळेल तशा त्याही एकेक करून जोडल्या जात आहेत.

आता दर सोमवारी काकू ‘नाही’वाल्या सगळ्या ओळी गावनिहाय छापून घेतात आणि वसुलीला निघालेल्या माणसाच्या हातात देतात. त्याने कधी संगणकाला हात लावलेला नाही. कागद मिळाला की तो त्या यादीवर पेनने बरोबरची खूण करतो.